घर तपासायचे म्हणजे काय?

घरतपासणी हा शब्द मराठी माणसाला मुळातच रुचत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघर-माजघर उपसून काढले आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. तपासायला येणारा माणूस घरातले काहीतरी घेऊनच जाणार, ही धास्ती तेव्हापासून असावी. सोलापुरात जुन्या घरांच्या नोंदी करत हिंडताना ती मला अजूनही भेटते. वही काढली की पहिला प्रश्न येतो, "म्युन्सिपालटीकडनं आलाव काय?"

प्रश्न वावगा नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक इमारतीला नोटीस देऊ शकतात. शिवाय कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे मालकावर किंवा राहणाऱ्यावर बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारत एका वर्गात पडते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे न हलता दुरुस्त करायची, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. कागदावर ही चार अक्षरे आहेत. महिना नाममात्र भाड्यावर तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूला मात्र पहिले अक्षर लागले की रस्ता दिसतो. म्हणून तो भेगेवर कॅलेंडर टांगतो. उलट जागा मोकळी करून हवी असलेल्या मालकाला तीच भेग बोटभर रुंद दिसते. तपासणी कोणी मागवली, हे आधी विचारावे असे मी म्हणतो ते यासाठी.

भेग मात्र कोणाची बाजू घेत नाही, ती वाचता यावी लागते. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकताना पडलेल्या असतात. त्यांना घाबरायचे कारण नाही. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढणारी भेग पाया एका बाजूला खचल्याचे सांगते. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीच्या माथ्याशी आडवी गेलेली भेग बहुधा उन्हाची असते. दिवसा स्लॅब पसरतो, रात्री आकसतो आणि सोलापूरचे ऊन तर सर्वांना ठाऊक आहेच. खांबाच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेत उभी पडलेली आणि कडेला तांबूस डाग असलेली भेग सर्वांत वाईट. आत सळई गंजून फुगलेली असते.

पण भेग जुनी आहे की वाढते आहे, हे एका भेटीत कळत नाही. जुना उपाय साधा आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे. सोलापुरात ही पट्टी एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी ठेवली पाहिजे. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यावरचे घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे खाली बसते. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी खाली फुगवटा असलेले खोल खांब विकसित केले. तेवढा खर्च घरगुती बांधकामात कोण करतो? म्हणून मी तरी घर विकत घेणाऱ्याला मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा, असे दोनदा बघायला सांगतो. रंग ओला असलेले घर तर दिवाळीनंतरच पाहावे.

माळवदाच्या घरांची तपासणी वेगळी. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा नाही. गळू लागले की पावसाआधी वर नवी माती टाकायची, हा रिवाज. जुनी काढायची मात्र राहते आणि वर्षागणिक ओझे चढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने हे ओझे काय करते ते दाखवले. दगडमातीच्या रुंद भिंतींत आतला आणि बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड नव्हते. धक्क्याने थर सुटले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. तो भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून माळवदाखाली उभे राहिल्यावर मी आधी मातीची जाडी विचारतो, मग तुळईचे भिंतीत गेलेले टोक पाहतो. ओल आणि वाळवी तिथेच लागते. टोकावर टोचा दाबला आणि तो लोण्यात शिरावा तसा शिरला, तर पुढे काही बघायची गरज नाही. भिंत बाहेर फुगली आहे का, हे गवंड्याचा ओळंबा सांगतो.

सिमेंट काँक्रीटसाठी यंत्रे आली आहेत. एक हातोडा पृष्ठभागाची कठीणता मोजतो, ध्वनिलहरींचे यंत्र आतली पोकळी शोधते. मला आवडते ती फिनॉल्फ्थलीनची परीक्षा. ताजे फोडलेले काँक्रीट या द्रवाने गुलाबी झाले तर सळईचे संरक्षण शाबूत आहे. रंग आला नाही तर ते गेले.

पूर्व भागात आणखी एक प्रश्न आहे. खाली यंत्रमाग आणि वर कुटुंब. मागांची थरथर, सुताचे गठ्ठे, वायरींचे जंजाळ, हे नेहमीच्या तपासणीच्या तक्त्यात बसत नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या कुटुंबासह आठ जण गेले. तेव्हापासून बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे, हे मी भेगेच्याही आधी विचारतो.

नव्या सदनिकेबाबत थोडक्यात. बँकेचा माणूस येऊन गेला म्हणजे घर तपासले, असे समजू नये. तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढेच पाहतो. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण लेखी कळवावे लागते. फोनवरचे बोलणे मोजत नाहीत.

आणि कॅलेंडर टांगणाऱ्या भाडेकरूसाठी एक गोष्ट. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात दिला आहे. तेव्हा भेग झाकण्याऐवजी, घर रिकामे करण्याआधी कोणाच्या ताब्यात किती चौरस फूट आहे याची मोजणी करून घ्यावी, त्यावर सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत त्या घराबाहेर दुसरीकडे ठेवावी.