पुस्तकातला नायक पडद्यावर हरवतो तेव्हा...

डिसेंबर २०१९. नाताळची सुट्टी. कोलकात्याच्या बालीगंज भागात राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे मी मुक्कामाला होते. भाची तेव्हा अकरा वर्षांची. त्या दिवशी सकाळपासून तिने घर डोक्यावर घेतले होते, कारण दुपारी आम्ही सगळे ‘प्रोफेसर शंकू ओ एल डोराडो’ हा नवा बंगाली चित्रपट पाहायला जाणार होतो.

मराठी घरातली ही मुलगी बंगाली वाचायला शिकली तीच मुळी शंकूमुळे. शाळेत इंग्रजी, घरात मराठी आणि बंगाली फक्त खेळण्या-बोलण्यापुरती. शेजारच्या घरातल्या दादूंनी, म्हणजे आजोबांनी, गोलपार्कच्या फुटपाथवरून एक जुने पुस्तक आणले. रोज संध्याकाळी ते दोन पाने वाचून दाखवत आणि गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटून तिच्या हातात देत. ‘पुढचं तू वाच,’ एवढेच म्हणत. पुढे काय झाले हे कळावे म्हणून पोरीने बंगाली अक्षरे गिरवली. सहा महिन्यांत ती भराभर वाचू लागली. शंकूचे पुस्तक उशाशी घेतल्याशिवाय तिला झोप येईना.

चित्रपट पाहून परतताना मात्र ती गप्प होती. घरी आल्यावर तिने उशाखालचे पुस्तक काढले, खुर्चीवर चढून कपाटाच्या वर टाकले आणि म्हणाली, ‘‘आता वाचायला घेतलं की सिनेमातलंच दिसतं, मावशी. माझे शंकू गेले.’’

आम्ही मोठी माणसे हसलो. पण नंतर वाटले, हसण्यासारखे यात काय आहे? ज्या पुस्तकाने तिला एक अख्खी भाषा दिली, ते तिच्या हातून सुटले होते.

चित्रपट वाईट होता का? मुळीच नाही. सत्यजित राय यांचे चिरंजीव संदीप राय यांनी तो दिग्दर्शित केला आहे. शंकूच्या भूमिकेत धृतिमान चटर्जी आहेत. सत्यजित रायांच्या ‘प्रतिद्वंद्वी’चा (१९७०) नायक साकारलेला हा कसलेला नट. चित्रीकरणासाठी मंडळी ब्राझीलपर्यंत गेली होती. गोष्टही सत्यजित रायांचीच. मग एवढे सगळे जुळून आल्यावरही मुलीचे मन का मोडले?

बालीगंजचे ऋण

या प्रश्नाचे उत्तर शोधायला बालीगंजसारखी दुसरी जागा नाही. सत्यजित राय इथल्याच बालीगंज गव्हर्नमेंट हायस्कूलचे विद्यार्थी. त्यांचा लाडका गुप्तहेर फेलुदा कथांमध्ये ज्या घरात राहतो त्याचा पत्ता आहे २१, रजनी सेन रोड, बालीगंज. आजही या रस्त्याने जाताना पुस्तकवेडी मुले घरांच्या पाट्या वाचत जातात.

रायांच्या घरात मुलांसाठी लिहिणे ही पिढीजात गोष्ट. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. ते बंद पडल्यावर १९६१ मध्ये सत्यजित रायांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने त्याला पुन्हा जीव दिला. त्याच वर्षी ‘संदेश’मध्ये प्रोफेसर शंकू अवतरले आणि १९६५ मध्ये फेलुदा. म्हणजे एकच माणूस मुलांसाठी लिहिणारा, त्या गोष्टींची चित्रे काढणारा आणि जगभर नावाजलेला चित्रपट दिग्दर्शकही! पुस्तकाचा चित्रपट करताना काय टिकते आणि काय सांडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

बदल केला म्हणून बिघडत नाही

आपली नेहमीची तक्रार असते, ‘चित्रपटात गोष्ट बदलली.’ पण रायांच्या चित्रपटांकडे पाहिले तर ही तक्रार टिकत नाही.

छोट्या संदीपने वडिलांकडे हट्ट धरला होता, मुलांसाठी एक चित्रपट करा, मोठ्यांचे गंभीर चित्रपट पुरे झाले. त्यातून ‘गुपी गाइन बाघा बाइन’ आला, १९६९ मध्ये. गोष्ट आजोबा उपेंद्रकिशोरांची, १९१५ ची. बेसूर गाणारा गुपी आणि बेताल ढोल बडवणारा बाघा यांना भुतांच्या राजाचे वर मिळतात, ही मूळ गोष्ट. रायांनी तिच्यात बरीच भर घातली. दोन राज्यांमधले युद्ध टाळण्याची कथा रंगवली, गाणी रचली आणि सहा-साडेसहा मिनिटांचे भुतांचे नृत्य घातले. पैशाअभावी जवळजवळ सगळा चित्रपट कृष्णधवल ठेवावा लागला, रंग उमटले ते फक्त शेवटी. तरीही बंगालमधल्या मुलांनी तो डोक्यावर घेतला आणि महिनोन्‌महिने तो चालला.

‘सोनार केल्ला’चेही तसेच. कादंबरी १९७१ ची, चित्रपट १९७४ चा. पुस्तकात गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत दडवलेले, तर चित्रपटात दुष्ट माणसे सुरुवातीलाच प्रेक्षकांसमोर उभी. रहस्यकथेचे रहस्यच काढून टाकायचे म्हणजे केवढे धाडस! पण रायांनी त्याच्या जागी दुसरी धडधड ठेवली. आपल्याला ठाऊक आहे आणि बिचाऱ्या मुकुलला ठाऊक नाही, या काळजीने मुले खुर्चीच्या टोकावर येतात. जैसलमेरच्या किल्ल्याला बंगाली माणूस आजही ‘सोनार केल्ला’ म्हणतो, तो या गोष्टीमुळेच.

तेव्हा गोष्ट बदलली की नाही हा प्रश्न दुय्यम. मूल पुस्तकात ज्या खिडकीतून पाहत होते ती खिडकी चित्रपटात शिल्लक आहे का, हा खरा प्रश्न.

शंकूची खिडकी म्हणजे डायरी

शंकूच्या गोष्टी आपण वाचतो त्या त्यांच्या डायरीतून. गिरिडीहला राहणारा हा टकलू शास्त्रज्ञ सर्व रोगांवर चालणारी गोळी बनवतो, शत्रूला तासन्‌तास शिंकायला लावणारे नस्यास्त्र बनवतो, मांजराला घेऊन मंगळावर जातो आणि हे सगळे कसे लिहितो? आपण दुधाचा हिशेब लिहावा तसे! अद्‌भुत गोष्ट इतक्या सहजपणे सांगितलेली असते की वाचणाऱ्या मुलाला वाटते, प्रोफेसर फक्त माझ्याशी बोलत आहेत.

कॅमेरा मात्र शंकूकडे बाहेरून पाहतो. डायरी लिहिणारा ‘मी’ पडद्यावर ‘तो’ होतो. भाचीने वर्षभर मनात ऐकलेला आवाज एका दुपारी बदलला. यात दोष नटाचा नाही आणि दिग्दर्शकाचाही नाही. काही पुस्तकांची जादू प्रसंगात नसते, आवाजात असते आणि अशी पुस्तके पडद्यावर नेणे फार कठीण.

कुठे वय वाढवले, कुठे काटा काढला

परदेशातही हेच घडते. फरक एवढाच की तिथे कोट्यवधी डॉलर खर्चून घडते. हॅरी पॉटरच्या चित्रपटांना २००१ पासून अफाट यश मिळाले आणि मुलांची प्रत्येक अद्‌भुत कादंबरी पडद्यावर आणण्याची निर्मात्यांना घाई झाली.

फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरचा ‘द गोल्डन कंपास’ २००७ मध्ये आला. पुस्तकाचा शेवट जीव कासावीस करणारा, नायिकेच्या जिवलग मित्राचा त्यात बळी जातो. चित्रपट त्याच्या आधीच थांबवला. उरलेला भाग पुढच्या चित्रपटात दाखवू म्हणून. तो पुढचा चित्रपट कधी निघालाच नाही! ‘एरॅगॉन’ (२००६) हा चित्रपटही पहिल्याच भागावर आटोपला. ‘आर्टेमिस फाउल’चा नायक पुस्तकात बारा वर्षांचा अट्टल बदमाश. २०२० च्या चित्रपटात त्याला गुणी बाळ केले. काटा काढला, पण त्याबरोबर गुलाबही गेला.

‘पर्सी जॅक्सन’ची गोष्ट तर पालकांनी लक्षात ठेवावी अशी. पुस्तकात पर्सी बारा वर्षांचा. २०१० च्या चित्रपटात तो कॉलेजच्या उंबरठ्यावरचा तरुण झाला. लेखक रिक रायर्डन यांनी पटकथा वाचून निर्मात्यांना आधीच पत्रे लिहिली होती की नायकाचे वय वाढवू नका, माझे वाचक दुरावतील. कोणी ऐकले नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच कथेची मालिका आली, तेव्हा लेखकाला सोबत घेतले गेले आणि नायकही शाळकरी पोरच निवडला गेला.

लेखकांचे दुःख तर विचारूच नका. ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’चे जर्मन लेखक मिखाएल एंडे यांना १९८४ चा चित्रपट इतका खटकला की ते कोर्टात गेले. खटला ते हरले.

आपल्याकडे पाहा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश, ‘टॉक्’ करणारा, सायकल दामटणारा काटकुळा शाळकरी मुलगा. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात तो अमेय वाघच्या रूपाने आला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण होऊन. चित्रपट वेगवान होता, लोकांना आवडलाही. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकरांना पाहून जुने वाचक सुखावले. पण दहा वर्षांच्या वाचकाला पडद्यावर आपल्या वयाचा दोस्त भेटला का? नाही भेटला.

आणि बंगाली मंडळींनी तर याहून मोठा धक्का पचवला आहे. १९८६ मध्ये दूरदर्शनच्या हिंदी मालिकेत फेलुदा झाले होते शशी कपूर! पुस्तकातला फेलुदा सहा फुटी, सडपातळ, तिशीच्या आतला. शशी कपूर तेव्हा ४८ वर्षांचे आणि अंगाने भरलेले. बंगाली घरांत नाराजी उमटली. त्यातले लालमोहनबाबू मात्र आपले मोहन आगाशे होते, हे मराठी माणसाने अभिमानाने सांगावे.

पालकांनी काय करावे?

मुलांना असे चित्रपट दाखवूच नयेत का? असे टोक गाठायचे कारण नाही. थोडी काळजी घेतली की पुरे.

शक्यतो पुस्तक आधी, चित्रपट नंतर. मनात स्वतःचे चित्र पक्के झालेले मूल पडद्यावरच्या चित्राशी भांडू शकते. आधी चित्रपट पाहिलेल्या मुलाला भांडायलाही काही उरत नाही.

चित्रपट पाहून मूल हिरमुसले तर ‘एवढं काय त्यात?’ म्हणू नका. ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ असे विचारा. कोणता प्रसंग ठेवला असता, कोण नट घेतला असता? तक्रार करता करता मूल विचार करायला लागते. चित्रपटाची पहिली समीक्षा घरातच होते.

आणि पुस्तक एकत्र वाचा. बंगालीत वाचता येत नसेल तर अडायचे कारण नाही. फेलुदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आल्या आहेत, रोहन प्रकाशनाने त्या काढल्या आहेत.

कपाटावरचे पुस्तक खाली आले

भाचीचे काय झाले? दुसऱ्या दिवशी दादूंना सगळे कळले. त्यांनी तिची समजूत घातली नाही की चित्रपटाला नावे ठेवली नाहीत. ते म्हणाले, ‘‘मा, तुझं एकटीचंच असं झालं नाही. खुद्द माणिकबाबूंचंही झालं होतं.’’ माणिक हे सत्यजित रायांचे घरचे नाव आणि बंगालमध्ये मुलीला लाडाने ‘मा’च म्हणतात.

दादूंनी सांगितले ते खरेच आहे. ‘सोनार केल्ला’मध्ये लालमोहनबाबूंची भूमिका संतोष दत्त यांनी अशी रंगवली की त्यानंतर राय पुस्तकासाठी लालमोहनबाबूंचे चित्र काढू लागले तेव्हा तो चेहरा संतोष दत्तांसारखाच उमटू लागला. १९८८ मध्ये दत्त गेले आणि आता आपण फेलुदावर चित्रपट करणार नाही, असे रायांनी ठरवले. स्वतःच्या हाताने घडवलेल्या माणसाचा चेहरा लेखकाच्याही मनात बदलतो, मग अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात का बदलणार नाही?

दादूंनी तिच्यापुढे चित्रकलेची वही ठेवली. ‘‘तुझे शंकू विसरायच्या आत काढून ठेव,’’ म्हणाले. पहिले चित्र फसले, दुसरेही फसले. तिसऱ्यात टक्कल, चष्मा आणि दाढी जमली, पण डोळे जमेनात. ‘‘डोळ्यांबद्दल पुस्तकात काय लिहिलंय?’’ दादूंनी साळसूदपणे विचारले.

भाचीने खुर्ची ओढली आणि कपाटावरचे पुस्तक खाली काढले.