नर घोडा आणि दिल्लीची शिस्त

26 जानेवारी 2022 रोजी राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातला विराट निवृत्त झाला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद, पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री अशा तिघांनी राजपथावर त्याला थोपटले. हॅनोव्हेरियन जातीचा हा घोडा 2003 मध्ये हेमपूरच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रातून दिल्लीला आला आणि 13 संचलनांत चालला. तोफा, बँड, विमाने, लाखभर माणसे, आणि घोडा शांत. कौतुक रास्तच होते. मात्र मिरवणुकीचे आणि पोलिसांचे घोडे जगभर बहुधा खच्ची केलेले असतात, हे टाळ्या वाजवताना कुणाच्या लक्षात येत नाही. शिंगरू वयात येताना ती शस्त्रक्रिया झाली की निम्मे काम सोपे होते. खरी कसोटी लागते ती नर घोड्याला माणसांत वागायला शिकवताना, आणि ती दिल्लीने बहुतेक वेळा टाळलेलीच दिसते.

पूर्वी टाळता येत नसे. 10 मे 1857 च्या रात्री मेरठहून तिसऱ्या लाइट कॅव्हलरीचे स्वार दिल्लीकडे दौडले, त्या काळी हिंदुस्थानातल्या फौजांत न खच्ची केलेले घोडे सर्रास असत. त्यांना आवरायची रीत म्हणजे अगाडी-पिछाडी. पुढचे दोर म्होरकीला, मागचे दोन्ही पायांना, सगळे मेखांना घट्ट. घोडा जागेवर राहायचा, लाथ शेजाऱ्यापर्यंत पोचायची नाही. पण दिवसाचे कित्येक तास असा ताणून बांधलेला जोमदार प्राणी सुटला की काय करील, हे सांगायला नको. तो बंदोबस्त होता. त्याला शिक्षण म्हणणे जड जाते.

त्याच सुमारास, 1858 मध्ये, जॉन रॅरी नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये क्रूझर हा कुप्रसिद्ध नर घोडा माणसाळवला. क्रूझरला लोखंडी मुसके घालून कोंडलेले असे. रॅरीने त्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधला, हळूहळू त्याला खाली बसवले आणि अंगावरून हात फिरवत राहिला. आज ही रीत कठोरच वाटते, तरी तिचा भर चाबकावर नव्हता, हे त्या काळात मोठे होते.

दिल्लीने पुढे दुसरी वाट धरली. वरातीला नवरदेव घोडीवर बसतो. त्यामागे प्रथा आहेच, पण बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात मादी सहसा सांभाळायला सोपी, हा व्यवहारही आहे. आपल्याकडेही घोडीला मान कमी नव्हता. पानिपतातून निसटताना महादजी शिंदे दख्खनी घोडीवर होते, असे ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने नोंदवले आहे.

मग नर गेले कुठे? राजधानी परिसरातच, पण गर्दीपासून दूर. हापूडजवळच्या बाबूगढला लष्कराचे जुने अश्वपैदास केंद्र आहे, मेरठला रिमाउंट व व्हेटरिनरी कोअरचे मुख्य प्रशिक्षण केंद्र. पैदाशीचा नर सांभाळणारी माणसे जगात कुठेही एक साधी युक्ती वापरतात: घोडीकडे नेताना एक म्होरकी, रपेटीला किंवा खराऱ्याला दुसरी. थोड्याच दिवसांत घोडा चामड्याच्या स्पर्शावरून ओळखतो की आज कोणते काम आहे. कामाची म्होरकी अंगावर असताना तो वरचा ओठ उलटा करून हुंगू लागला, तर मोतद्दार न ओरडता त्याला चार पावले मागे सारतो. मागे हटायला लावणे हाच पहिला धडा. हातावर गूळ ठेवून खाऊ घालणारे हौशी लोक मात्र चावायची सवय लावून जातात. आणि शिंगराने कुरतडले म्हणून थोबाडावर चापट मारली तर त्याला तो खेळच वाटतो, पुढच्या वेळी तो आणखी चपळाईने चावतो.

गेल्या काही वर्षांत दिल्लीभोवतीच्या फार्महाउसांत मारवाडी घोडे पाळायची हौस वाढली आहे. कमानदार कान, ताठ मान, फोटो छान येतो. विकत घेणाऱ्याला नरच हवा असतो. त्याला सांभाळणारा अनुभवी मोतद्दार सहसा हिशेबात नसतो. असे शिंगरू आईपासून तोडून एकट्याने तबेल्यात उभे केले जाते, आणि पुढे वर्षभराने तक्रार येते की घोडा अंगावर येतो. एकटा वाढलेला नर हद्द शिकणार कुणाकडून? वडीलधारी घोडी त्याला एका लाथेत जे शिकवते, ते माणसाला महिनोन् महिने जमत नाही. स्वित्झर्लंडमधल्या आव्हॉन्शच्या राष्ट्रीय अश्वकेंद्रात तर पैदाशीचे नर चक्क एकाच कुरणात सोडून पाहिले. सुरुवातीला ढुशा, खिंकाळ्या, नाकाला नाक लावून दम देणे झाले, पण काही दिवसांतच भांडणे ओसरली. आपल्याकडच्या तबेल्यांत मात्र नराच्या खोलीची भिंत अजून उंचच बांधतात.