तीन पैशांचा हिशेब

सणसवाडीत सकाळी सहाच्या सुमारास पुणे-नगर रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की पहिल्या पाळीला निघालेली माणसे दिसतात. हातात डबा, गळ्यात गेटपास, अंगात कुणाच्या तरी नावाचा शर्ट. बारावीनंतर दोन वर्षे मीही त्यांतला एक होतो. कारखाना एकाचा, हजेरी दुसऱ्याच्या वहीत आणि पगार तिसऱ्याच्या हातून, अशी ती नोकरी होती. पहिल्या पगारातून ठेकेदाराने गणवेशाचे आणि बुटांचे पैसे कापले. दुसऱ्या महिन्यातही कापले. विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “बाळा, ड्रेस घालतोस म्हणून तर गेटमधून आत सोडतात.”

पुढे एम. ए. करताना बर्टोल्ट ब्रेख्तचे ‘द थ्रीपेनी ऑपेरा’ वाचनात आले आणि पहिल्याच प्रवेशात हा ठेकेदार पुन्हा भेटला. त्याचे नाव तिथे पीचम. लंडनमधल्या भिकाऱ्यांना तो परवाने देतो आणि भीक मागायच्या जागा वाटून देतो. परवान्याशिवाय भीक मागणारा फिल्च नावाचा पोरगा मार खाऊन त्याच्या दुकानात येतो, तेव्हा सौदा ठरतो. नुसता परवाना हवा असेल तर कमाईतला निम्मा वाटा पीचमचा, दुकानातला भिकाऱ्याचा वेष घेतला तर सत्तर टक्के. वेषांचे पाच प्रकार काचेच्या कपाटात मांडलेले आहेत. एक वाहनांच्या प्रगतीचा बळी, दुसरा युद्धकलेचा बळी, तिसरा उद्योगधंद्यांच्या भरभराटीचा बळी. हा तिसरा वेष वाचताना मला हसू आले आणि हसता हसता माझे बूट आठवले.

या जर्मन ऑपेराची मराठीशी कशी गाठ पडली आणि त्या भेटीत कोणाच्या पदरात काय पडले, हे तेव्हापासून मी शोधतो आहे.

आधी मूळ कूळ पाहू. २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे याचा ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आला. त्या काळी लंडनच्या उच्चभ्रूंना इटालियन ऑपेराचे वेड होते. पात्रे देवादिक आणि राजेरजवाडे, भाषा प्रेक्षकांना न समजणारी आणि गाणे अतिशय कसरतीचे. गे याने त्या थाटाच्या साच्यात चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी बसवले आणि त्यांच्या तोंडी रस्त्यावरच्या ओळखीच्या चाली घातल्या. चालींची बांधणी पेपुश या संगीतकाराने केली होती. दरोडेखोर आणि पंतप्रधान यांच्या धंद्यात फरक कोणता, असा प्रश्न प्रेक्षकांना हसत हसत पडावा, ही त्यातली मेख होती. पहिल्याच हंगामात त्याचे ६२ प्रयोग झाले.

बरोबर दोनशे वर्षांनी एलिझाबेथ हाउप्टमान यांनी या नाटकाचा जर्मन अनुवाद केला. त्यावरून ब्रेख्तने नवे नाटक रचले आणि कुर्ट वाइल याने संगीत दिले. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनच्या शिफबाउरडाम नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. नाव ठेवले ‘तीन ग्रोशनचा ऑपेरा’. ग्रोशन म्हणजे अगदी हलके नाणे. भिकाऱ्यालाही परवडावा इतका स्वस्त ऑपेरा, असा त्या नावाचा रोख.

गोष्ट थोडक्यात अशी. दरोडेखोर मॅकहीथ पीचमच्या मुलीशी, पॉलीशी, चोरीच्या सामानाने सजवलेल्या तबेल्यात लग्न लावतो. पोलीसप्रमुख ब्राऊन या लग्नाला हजर असतो, कारण दोघे एके काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणीत बरोबर होते. त्यांच्या फौजी गाण्यात आपल्याकडच्या कूचबिहारचे नावही येते. इकडे पीचमला जावई फासावर हवा आहे. मॅकहीथला पकडले नाही, तर राणीच्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीत हजारो भिकारी सोडीन, अशी धमकी तो देतो. जेनी नावाची वेश्या पैसे घेऊन मॅकहीथला पकडून देते. फास गळ्यात पडणार इतक्यात घोड्यावरून राणीचा दूत येतो. मॅकहीथला नुसती माफी मिळत नाही, तर सरदारकी, किल्ला आणि वर्षाला दहा हजार पौंडांचे निवृत्तिवेतनही मिळते.

ऐकायला हे सोपे वाटते, पण रंगमंचावर उभे करणे भल्याभल्यांना जड जाते. त्याची कारणे संगीतात आहेत. वाइलने ही गाणी ऑपेराच्या गायकांसाठी लिहिली नाहीत, गाऊ शकणाऱ्या नटांसाठी लिहिली. पहिल्या प्रयोगाला वादक होते सात आणि एकेकाने अनेक वाद्ये वाजवायची होती. जॅझ, टँगो, चर्चमधली प्रार्थना आणि भव्य ऑपेराची नक्कल असे सगळे एकाच ताटात वाढलेले आहे. गे याच्या जुन्या चालींपैकी वाइलने एकच ठेवली, ती पीचमच्या सकाळच्या भजनाची. हे भजन हार्मोनियमवर चालते. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीशी सलगी असलेल्या वाचकाला हा योग गमतीचा वाटेल.

खरी अडचण याहून खोल आहे. गाणे सुरू झाले की कथा थांबते, दिव्यांचा रंग बदलतो, नट पात्रातून अर्धा बाहेर येतो आणि प्रेक्षकाकडे तोंड करून गातो. गाण्याने भावना उचंबळून येऊ नयेत, उलट माणूस सावध व्हावा, अशी ब्रेख्तची अपेक्षा. वाइलच्या चाली मात्र इतक्या गोड की त्या ओठांवर बसतात. सुरुवातीला जत्रेतला गायक मॅकहीथच्या खुनांची यादी गाऊन दाखवतो. तेच गाणे पुढे लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांच्या आवाजात अमेरिकेत घरोघरी वाजले. खुनांची यादी लोकांनी नाचायला वापरली. चाल घरी नेली आणि प्रश्न नाट्यगृहातच सोडला, हा धोका या ऑपेराच्या प्रत्येक प्रयोगापुढे उभा असतो.

आता आपल्याकडे वळू. भारतात हा ऑपेरा आला तेव्हा प्रत्येक भाषेने ‘ऑपेरा’ हा शब्द टाकून आपला शब्द शोधला. कोलकात्याच्या नांदीकारसाठी अजितेश बंदोपाध्याय यांनी १९६९ मध्ये ‘तीन पयसार पाला’ केला. पाला म्हणजे जात्रेतला खेळ. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पूर्व जर्मनीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी १९७० मध्ये ‘तीन टके का स्वांग’ बसवले. पुण्यात १९७८ मध्ये थिएटर अकादमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. लेखन पु. ल. देशपांडे यांचे आणि दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. पाला, स्वांग, तमाशा. नाणे तिन्ही ठिकाणी हलकेच राहिले, पण कला प्रत्येकाने आपापल्या मातीतली निवडली.

मराठीत दोन शब्द हाताशी होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ऑपेराला आपल्याकडे ‘संगीतक’ म्हणता आले असते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून गाणाऱ्या नाटकाची थोर परंपरा आपल्यापाशी आहे. पण त्या परंपरेत गाणे हा उत्कर्षबिंदू. ‘वन्स मोअर’ आला की नट पुन्हा गातो आणि प्रेक्षक डोळे मिटून डोलतो. ब्रेख्तला नेमके हे डोळे उघडे हवे होते.

तमाशाचे तसे नाही. गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण वाटेत अडवतो आणि दाण मागतो. मावशी त्याच्याशी हुज्जत घालते. नीट पाहिले तर ही वाटमारीच आहे, आणि तिच्यावर आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो आहोत. पुढे वगात सोंगाड्या राजाशी बोलता बोलता समोरच्या सरपंचालाही चिमटा काढतो. ढोलकीवाला आणि झीलकरी सर्वांदेखत उभे असतात. आपण नाटक पाहतो आहोत, हे कोणी लपवत नाही. बर्लिनमध्ये ब्रेख्तला जे सिद्धान्त मांडून घडवावे लागले, त्यातले बरेचसे आमच्या जत्रेत पूर्वापार चालत आले होते. ‘तमाशा’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे, चारचौघांत होणारी शोभा. पुलंनी हा शब्द निवडला तेव्हा दोन्ही अर्थ घरी आले.

पुलंना हा प्रांत नवा नव्हता. ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्यांनी पूर्वीच लिहिले होते आणि परक्या नाटकाला मराठी अंगण कसे द्यावे, हे ‘ती फुलराणी’त दाखवले होते. थिएटर अकादमीची घडण ‘घाशीराम कोतवाल’मधली होती. गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाकडून सत्तेचा पंचनामा कसा करवून घ्यावा, हे त्या मंडळींनी १९७२ पासून अनुभवले होते. संगीताच्या बाजूला भास्कर चंदावरकर होते, आनंद मोडक होते आणि नंदू भेंडे होते. रॉक गायक भेंडे यांनी अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडसची भूमिका केली होती, आणि इथे मॅकहीथचा मराठी अवतार, अंकुश, त्यांच्याकडे आला. लावणी आणि नाट्यपदांच्या शेजारी रॉकचा आवाज ठेवायचा, म्हणजे वाइलने जे टँगो आणि प्रार्थनेचे केले तेच मराठीत करायचे. चाली उसन्या न घेता चालींमधली भांडणे तेवढी उसनी घेणे, हा मला या प्रयोगाचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

इथवर लिहून लेख संपवता आला असता. पण सणसवाडीत बसून लिहिताना एक हिशेब बाकी राहतो.

आमच्या भागात तमाशा हा शब्द नाटकाच्या जाहिरातीत भेटत नाही, तो पोटापाण्यात भेटतो. शेजारच्या दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रे आहेत. तिथे संगीत बारी चालते. समोर बसलेला माणूस पैसे देतो, गाणे त्याच्यासाठी थांबते आणि पुन्हा सुरू होते. उत्तरेला जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. हंगामाच्या तोंडावर तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची यात्रा समितीची माणसे येऊन सुपारी ठरवतात. या फडांतले बहुतेक कलावंत ज्या जातींतून येतात, त्यांना गावाने कलेसाठी टाळ्या दिल्या आणि घरासाठी जागा मात्र गावाबाहेर दिली. ‘तीन पैशाचा तमाशा’ झाला तो शहरी, शिकलेल्या, हौशी मंडळींकडून आणि तिकीट परवडणाऱ्यांसमोर. यात त्यांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. बर्लिनलाही तेच झाले होते. भिकाऱ्यांना परवडावा म्हणून ज्याचे नाव ठेवले, त्या ऑपेराला गर्दी केली ती चांगल्या कपड्यातल्या माणसांनी, आणि तो त्यांना फार आवडला. पण आपण तमाशाचे नाव आणि आकार घेतला, तेव्हा त्याच्या माणसांचे देणे आपल्यावर चढले, एवढे तरी मान्य करायला हवे.

हे देणे कसे फेडले जाते, त्याचे उत्तर घोड्यावरच्या दूताच्या प्रसंगात आहे. हा शेवट मुद्दाम खोटा केला आहे. त्यानंतर स्वतः पीचमच सांगतो, की खऱ्या आयुष्यात असे दूत क्वचितच येतात. आमच्या वगांतही शेवटी राजा न्याय देतो. पण फडाच्या बाहेर? विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही कलावंतीण २००२ मध्ये गेली, ती अखेरच्या दिवसांत पैशांची ओढाताण सोसून. आज राज्य शासनाचा तमाशाक्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. दूत आला, सन्मानही घेऊन आला, पण ज्या बाईसाठी यायचा ती उरली नव्हती. ब्रेख्तच्या नाटकात तो वेळेवर पोचतो तो दरोडेखोरासाठी, हे विसरू नये.

सध्या मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली निम्मी मुले दुसऱ्या पाळीला कारखान्यात जातात. काहींचे आईवडील मराठवाड्यातून, काहींचे उत्तरेकडून या रस्त्यावर पोटासाठी आलेले. मागच्या वर्षी एका मोकळ्या तासाला मी त्यांना पीचमच्या दुकानाचा प्रवेश माझ्या शब्दांत सांगितला. नाव, गाव, जर्मनी यांतले काही सांगितले नाही. सत्तर टक्क्यांवर पोरे खदखदून हसली. वेषाचे पैसे वेगळे, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हा आमचाच ठेकेदार!” पुन्हा हशा झाला. मग सगळे हळूहळू गप्प झाले. ब्रेख्तला जे हसू आणि जी शांतता हवी होती, ती हीच असावी, असे मला त्या क्षणी वाटले. सात वादक नव्हते, ढोलकी नव्हती, एकही चाल नव्हती.

तास संपल्यावर एक मुलगा थांबला. त्याला पाळीची बस गाठायची होती, म्हणून दप्तर खांद्यावर घेऊन उभ्या उभ्याच त्याने विचारले, “सर, शेवटी त्या दुकानवाल्याचं काय होतं?”

मी आठवून पाहिले. दरोडेखोराला सरदारकी मिळते, पोलीसप्रमुखाची अब्रू वाचते, मिरवणूक पार पडते.

“त्याचं काही होत नाही,” मी म्हणालो. “त्याचं दुकान चालू राहतं.”

त्याने मान हलवली. गोष्ट कळल्यासारखी. मग घड्याळ पाहिले आणि तो रस्त्याच्या दिशेने पळाला.