धान्य प्रक्रिया केंद्रातील केबल ट्रे : धूळ, कीड आणि आग यांचे सामायिक आश्रयस्थान

शेतमालाचे मूल्यवर्धन उत्पादनाच्या ठिकाणीच व्हावे, या हेतूने देशभरातील शेतकरी उत्पादक कंपन्या डाळ मिल, पीठ गिरण्या, स्वच्छता-प्रतवारी केंद्रे आणि जिनिंग कारखाने उभारत आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून पात्र प्रकल्पांना २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर वार्षिक ३ टक्के व्याजसवलत मिळते. प्रकल्प अहवालात यंत्रांची क्षमता, शेड आणि गोदाम यांचा तपशीलवार विचार होतो. छताखालून जाणाऱ्या केबल ट्रेचा उल्लेख मात्र अनेकदा एका ओळीत आटोपतो. वस्तुतः धूळ, कीड, उंदीर आणि वीज ही चारही एकत्र येण्याची जागा म्हणजे हाच ट्रे होय.

धुळीचा थर : दुहेरी संकट

डाळ भरडताना, गहू दळताना वा धान्य चाळताना उडणारी बारीक पूड उंचावरील आडव्या पृष्ठभागांवर साचते. ट्रे नजरेच्या वर असल्याने झाडूही तेथवर पोहोचत नाही. साचलेली पूड केबलभोवती गोधडीसारखी पसरते आणि आतील उष्णता बाहेर पडू देत नाही. पीव्हीसी आवरणाच्या केबलमधील तार सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंत, तर एक्सएलपीई केबलमधील तार ९० अंशांपर्यंत तापली तरी चालते. धुळीखाली दाबलेली, एकावर एक रचलेली केबल ही मर्यादा ओलांडू शकते. परिणामी आवरण ठिसूळ होते आणि शॉर्टसर्किटचा धोका वाढतो.

हवेत उधळलेली धान्याची धूळ स्फोटक असते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी झालेल्या स्फोटांत १४ कामगारांचा मृत्यू झाला. पहिला स्फोट एका बंदिस्त वाहकपट्ट्यात झाला. त्याच्या धक्क्याने इमारतीत ठिकठिकाणी साचलेली साखरेची धूळ उधळली आणि पुढील स्फोटांची मालिका घडली. तेथील चौकशीचा हा निष्कर्ष धान्य गिरण्यांनाही तितकाच लागू पडतो. अमेरिकेतील धान्य हाताळणीच्या सुरक्षा नियमांनुसार महत्त्वाच्या जागी धुळीचा थर सुमारे ३ मिलिमीटर झाला की तो तत्काळ काढावा लागतो. जिनिंगमध्ये धुळीऐवजी कापसाचे तंतू ट्रेवर लोंबतात. त्यांवरून ज्वाला क्षणार्धात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

किडींचे कायमस्वरूपी बिऱ्हाड

पिठावरील तांबडा भुंगेरा अखंड दाण्यांपेक्षा पीठ, चुरा आणि फुटके दाणे यांवर वाढतो. ३० ते ३२ अंश तापमानात त्याचे जीवनचक्र सुमारे एका महिन्यात पूर्ण होते. ट्रेमधील धूळ म्हणजे त्याला आयते अन्न आणि आडोसा. गोदामातील पोती किडमुक्त केली, तरी ट्रेमधून हे भुंगेरे पुन्हा खाली उतरतात. धुळीने माखलेल्या पृष्ठभागावर फवारलेले कीटकनाशक धुळीतच शोषले जाते आणि किडीपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. शिवाय विद्युत जोडण्यांवर पाण्यात मिसळलेले द्रावण फवारणे जिवावर बेतू शकते. म्हणून येथे कीडनियंत्रणाचा पहिला उपाय स्वच्छता हाच आहे.

धुरीकरणाची बाब अधिक गंभीर आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू तांबे, पितळ आणि चांदी यांना गंजवतो. हवेतील आर्द्रता जास्त असल्यास ही क्रिया वेगाने होते. वारंवार धुरीकरण होणाऱ्या जागेतील उघड्या जोडण्या काळ्या पडतात, संपर्क सैल होतो, तेथील रोध वाढतो आणि जोड तापू लागतो. हवेतील फॉस्फिनचे प्रमाण १.८ टक्क्यांवर गेल्यास तो पेटूही शकतो. त्यामुळे मुख्य वितरण फलक आणि नियंत्रण यंत्रणा धुरीकरणाच्या कक्षाबाहेर असाव्यात आणि कक्षातील वीजपुरवठा त्या काळात खंडित करावा. हे धुरीकरण अधिकृत कीडनियंत्रकाकडूनच करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

उंदीर व घुशी यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्या कुरतडतात. भिंतीतून ट्रे आरपार नेताना राहिलेली ६ मिलिमीटरची फटही घरातील लहान उंदराला पुरते.

संहिता काय सांगतात?

भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षाविषयक विनियम बंधनकारक आहेत. वायरिंगसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि एकत्रित मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय विद्युत संहिता उपलब्ध आहे. ज्वलनशील धुळीच्या जागांचे वर्गीकरण आयएस/आयईसी ६००७९ या मालिकेत आढळते. धुळीचा ढग सतत असणारी जागा क्षेत्र २०, नेहमीच्या कामात अधूनमधून असणारी क्षेत्र २१ आणि क्वचित, अल्पकाळ असणारी क्षेत्र २२ होय. प्रत्येक क्षेत्रासाठी उपकरणांची निवड वेगळी असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत ३९२ वे प्रकरण केबल ट्रेसाठी आहे. ट्रे उघडा व हाताशी येणारा असावा, हे त्याचे एक सूत्र आहे. कधीतरीच धूळ उडणाऱ्या जागी ट्रेमधील केबल एकाच थरात, दोन केबलींमध्ये मोठ्या केबलच्या व्यासाइतके अंतर ठेवून बसवाव्यात, असे तेथील ५०२ वे प्रकरण सांगते. ही अट आपल्याकडे बंधनकारक नसली, तरी तिचे कारण उघड आहे : मोकळ्या केबलींमध्ये धूळ कमी अडकते, हवा खेळती राहते आणि सफाई सोपी होते.

उभारणी व देखभालीत घ्यावयाची काळजी

- धुळीच्या विभागात सपाट बंद तळाच्या ट्रेऐवजी शिडीसारखा किंवा जाळीचा ट्रे निवडावा. शक्य तेथे तो कडेवर उभा बसवावा, म्हणजे धूळ टिकत नाही.
- ट्रेवर झाकण घालायचे असल्यास उष्णता अडते, हे लक्षात घेऊन केबलची जाडी आधीच वाढवून घ्यावी.
- आर्मर्ड केबल व योग्य मापाचे ग्लँड वापरावेत; पोलादी चिलखतामुळे उंदरांपासून संरक्षण मिळते.
- धातूच्या ट्रेचे सर्व तुकडे विद्युतदृष्ट्या सलग जोडून अर्थिंग करावे. थ्री-फेज मोटरच्या चौकटीला दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या द्याव्यात.
- भिंतीतील छिद्रे अग्निरोधक साहित्याने बुजवावीत. त्यामुळे आग, उंदीर व कीड या तिघांचीही वाट बंद होते.
- सफाई वीज बंद करून, धुळीच्या जागेसाठी प्रमाणित व्हॅक्यूम यंत्राने करावी. दाबाच्या हवेने धूळ उडवल्यास स्फोटक ढग तयार होतो. गोळा झालेली धूळ केंद्राच्या आवारात साठवू नये.
- काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रक्रिया केंद्राला भेट देताना साठ्यातील किडींच्या नोंदीसोबत केबल ट्रेचीही पाहणी करावी. तेथे भुंगेरे आढळले, तर धूळ साचली आहे हे निश्चित समजावे. आणि जेथे धूळ साचली आहे, तेथे आगीला इंधन तयार आहे. हंगामाच्या प्रारंभी, यंत्रे सुरू होण्यापूर्वी केलेली एक दिवसाची सफाई व तपासणी सभासदांचा माल आणि कामगारांचे प्राण दोन्ही सुरक्षित ठेवू शकते.