कंटेनरचे घर : सोयी आणि मर्यादा

न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाणारे लोखंडी कंटेनर आपण पाहिले असतील. पुलाचे किंवा रस्त्याचे काम चालू असते तिथे असाच एखादा कंटेनर, खिडकी-दरवाजा बसवून, कचेरी म्हणून उभा केलेला असतो. ते पाहून विद्यार्थी विचारतात, की जुन्या कंटेनरांची घरे का करू नयेत? उत्तर देण्याआधी कंटेनरची रचना पाहू या.

मजबुती कशात आहे?

एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. पुढे त्यांची मापे जगभर एकसारखी ठरली. वीस फुटी कंटेनर बाहेरून ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. रिकाम्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास. तरीही जहाजावर भरलेले कंटेनर एकावर एक रचता येतात. याचे कारण असे, की वरचा कंटेनर खालच्याच्या छतावर नव्हे, तर चार कोपऱ्यांवर टेकतो. सगळा भार कोपऱ्यांतील खांबांतून खाली उतरतो. भिंती जेमतेम दोन मिलिमीटरच्या पन्हळी पत्र्याच्या असतात. पण सांगाडा तिरका होऊ न देण्याचे काम त्याच करतात.

हे वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठ्याचे दोन सारखे खोके घ्या. एकाच्या लांब बाजूंना मोठ्या खिडक्या कापा. दोन्हींवर सारखी पुस्तके ठेवून लांबीच्या दिशेने हलकेच ढकला. कापलेला खोका आधी कलेल. घराला दारे-खिडक्या लागतात. दोन कंटेनर जोडून मोठी खोली करायची तर मधली भिंतच काढावी लागते. मग तिथे पोलादी चौकटी जोडाव्या लागतात आणि ‘तयार’ घराचा खर्च वाढू लागतो.

ऊन आणि दमट हवा

पोलाद उष्णतेचे सुवाहक आहे. त्याची उष्णतावाहकता विटेच्या साठ-सत्तरपट असते. शिवाय विटांची नऊ इंची भिंत जाड आणि जड असल्याने दुपारचे ऊन आत पोचायला काही तास लागतात. पत्रा मात्र काही मिनिटांत तापतो आणि रात्री तितक्याच लवकर थंड होतो. थंडीच्या रात्री माणसांच्या श्वासातले आणि स्वयंपाकातले बाष्प गार पत्र्यावर लागून त्याचे पाणी होते. ते ठिबकते, आणि पुढे गंज व बुरशी येते.

यावर उपाय म्हणजे उष्णतारोधक थर. पाच सेंटिमीटरचा फोमचा किंवा काचलोकरीचा थर नऊ इंची भिंतीपेक्षा उष्णता अधिक अडवतो. पण तो आतून लावला तर जागा कमी होते.

पाच सेंटिमीटरचा प्रश्न

कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर असते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर असावी असे म्हटले आहे. म्हणजे थर लावण्याआधीच रुंदी पाच सेंटिमीटर कमी पडते. दोन्ही भिंतींना थर लावल्यावर ती २.२५ मीटर उरते. माप मालासाठी ठरले होते, माणसांसाठी नव्हे.

या अडचणीतून जपानमध्ये एक सुरेख वाट काढली गेली. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ओनागावा या गावात घरे उभारायला सपाट जमीन फार थोडी होती. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी कंटेनर बुद्धिबळाच्या पटातील घरांप्रमाणे एकाआड एक मांडून तिमजली तात्पुरती घरे केली. मुलांच्या खोल्या आणि न्हाणीघर कंटेनरमध्ये, आणि बसण्याची ऐसपैस जागा दोन कंटेनरांमधल्या मोकळ्या पोकळीत. एकावर एक रचता येणे हा कंटेनरचा गुण इथे नेमका उपयोगी पडला.

जुना की नवा?

‘टाकाऊतून टिकाऊ’ ही कल्पना आकर्षक असली, तरी प्रत्येक कंटेनरवसाहत जुन्या कंटेनरांची नसते. ॲम्स्टरडॅममधील ‘कीटवोनेन’ या विद्यार्थिवसाहतीत (२००५-०६) सुमारे हजार खोल्या होत्या. त्या मुद्दाम चीनमध्ये तयार करून आणल्या होत्या. असे केल्यास काम झटपट होते, परंतु जुन्याचा पुनर्वापर होत नाही. उलट, जुन्या कंटेनरमध्ये पूर्वी कोणता माल होता ते पाहावे लागते. त्याची प्लायवूडची जमीन बहुधा कीटकनाशकाने प्रक्रिया केलेली असते. ती काढावी किंवा नीट झाकावी लागते.

सारांश, घर लवकर हवे, काही वर्षांपुरते हवे आणि पुढे हलवायचे असेल, तर कंटेनर उत्तम. कायमच्या घरासाठी मात्र सांगाड्याच्या किमतीत चौकटी, उष्णतारोधक थर, पाया, क्रेन, नळ आणि वीज यांचा खर्च मिळवून मगच तुलना करावी. आपल्या गावच्या हवेत आणि गावात मिळणाऱ्या विटा-दगडांच्या भावात हा हिशेब कसा बसतो, तो विद्यार्थ्यांनाच मांडू द्यावा.