दृष्टीच्या मापाचा पडदा

अर्धा मीटर रुंदीचा मॉनिटर साठ सेंटिमीटर अंतरावरून पाहिला, तर तो आपल्या दृष्टीचे जेमतेम 45 अंश व्यापतो; मनुष्याचे दोन्ही डोळे मिळून मात्र आडव्या दिशेने सुमारे 200 अंशांचा प्रदेश न्याहाळीत असतात. हालचाल टिपण्यासाठी, दिशा ओळखण्यासाठी आणि आपण कोठे आहोत याचे भान राखण्यासाठी लाभलेली ही उरलेली दृष्टी कचेरीच्या भिंतीवर निरुद्योगी पडून राहते. नगररचनेचे नकाशे किंवा यंत्रांचे आराखडे असे विस्तीर्ण काम ज्यांच्यापुढे असते, त्यांना या चौकटीतून एकेक तुकडा सरकवीत राहावे लागते, आणि प्रोजेक्टरचा रुंद पडदा मेजापाशी आणण्याची खटपट याच अडचणीच्या निवारणासाठी आहे.

रुंद पडद्याची परंपरा मूळची चित्रपटगृहातली. फ्रेड वॉलर यांच्या सिनेरामाने 1952 साली न्यूयॉर्कमध्ये तीन प्रोजेक्टरांच्या साह्याने 146 अंशांच्या वक्र पडद्यावर चित्र उमटविले. 1992 साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेइरा, डॅनियल सँडिन आणि टॉमस डीफँटी यांनी ‘केव्ह’ नावाची अशी खोली सिद्ध केली, की तिच्या भिंती आणि जमीन हेच पडदे होते. पण रोजच्या दप्तरी कामाची बैठक कशी असावी, याचा मूलगामी विचार 1998 साली उत्तर कॅरोलिना विद्यापीठात हेन्री फुक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मांडला. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले नाशिकचे रमेश रासकर प्रमुख होते. छतातील दिव्यांची जागा प्रोजेक्टर आणि कॅमेरे यांनी घ्यावी, कॅमेऱ्याने समोरच्या पृष्ठभागाचा आकार मोजावा, आणि त्या वळणाचा हिशेब करून चित्र आधीच असे वाकवून टाकावे की बसणाऱ्याला ते बिनचूक दिसेल, ही ती कल्पना होती.

अशा बैठकीची आखणी डोळ्याच्या सामर्थ्यापासून सुरू व्हावी. निरोगी डोळा एका अंशात सुमारे 60 बिंदू वेगळे ओळखतो. म्हणजे 120 अंशांच्या पडद्याला 7200 पिक्सेल हवेत, आणि 1920 पिक्सेलचा एकच प्रोजेक्टर तेवढ्या रुंदीवर पसरला तर अंशाला अवघे 16 पिक्सेल लाभून अक्षरे भरड दिसतात. तथापि तीक्ष्ण दृष्टी मध्यभागाच्या दोनेक अंशांपुरतीच असते, कडेची दृष्टी अक्षर वाचत नाही, फक्त दखल घेते. हे तत्त्व ओळखून पॅट्रिक बाउडिश आणि सहकाऱ्यांनी 2001 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मध्ये बारीक पिक्सेलांचा मॉनिटर आणि सभोवती प्रोजेक्टरचे मोठे चित्र, अशी तजवीज केली. वाचनाचे काम मध्यावर आणि परिसराचे भान कडेला, ही वाटणी मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते.

अनेक प्रोजेक्टर एकत्र लावावयाचे झाल्यास त्यांची चित्रे कडेला एकमेकांवर चढवितात आणि त्या पट्ट्यात एकाचा प्रकाश उतरत जाताना दुसऱ्याचा चढता ठेवतात, म्हणजे बेरीज सर्वत्र सारखी राहून सांधा दिसत नाही. मात्र प्रोजेक्टर संपूर्ण काळोख निर्माण करू शकत नाही. काळ्या चित्रातही थोडा प्रकाश झिरपतो, आणि तो पट्ट्यात दुप्पट होत असल्याने रात्रीचे आकाश दाखविताना उजळ उभी रेघ उमटते. यास्तव इतर भागाचा काळा रंगही तेवढाच उजळून घ्यावा लागतो.

खोलीचा प्रकाश तर प्रोजेक्टरचा जन्मजात प्रतिस्पर्धी होय. 3000 ल्यूमेनचा प्रकाश दोन चौरस मीटर पडद्यावर पसरला की 1500 लक्स मिळतात. त्याच पडद्यावर दिव्यांचे 300 लक्स पडत असतील, तर पांढरा भाग काळ्याच्या केवळ सहापट उजळ उरतो. सबब दिव्यांचा झोत मेजावर राहील आणि पडद्यावर जाणार नाही, असा बंदोबस्त आवश्यक ठरतो. पडदा बसणाऱ्याच्या मस्तकाभोवती वक्र असावा, म्हणजे मध्य आणि कडा समान अंतरावर राहून डोळ्यांना वारंवार नवे अंतर जुळवावे लागत नाही. परंतु अंतर्वक्र पडद्याची एक बाजू दुसरीवर प्रकाश परावर्तित करते, म्हणून त्याचा रंग शुभ्र न ठेवता मंद राखाडी ठेवणे श्रेयस्कर. समोरून प्रक्षेपण केले तर माणसाची सावली आड येते, मागून केले तर खोलीची मोलाची जागा खर्ची पडते. अगदी जवळून, वरून तिरपा झोत टाकणारा प्रोजेक्टर हा त्यातला मध्यममार्ग. पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेपेक्षा फार उंच नसावी, कारण मान वर करून आठ तास कोणी काम करू शकत नाही.

तेव्हा ज्या संस्था असा पडदा उभारू इच्छितात, त्यांनी प्रथम तेथे बसणाऱ्या माणसाचे काम, आसन आणि नजर यांची मापे घ्यावीत, त्यानंतर पडद्याचे वळण व दिव्यांची जागा ठरवावी, आणि प्रोजेक्टरांच्या खरेदीचा कागद सर्वांत शेवटी पुढे ओढावा. हा क्रम पाळला तर रुंदीचा लाभ बुद्धीला होतो; तो उलटा झाला तर तिचा भार मानेवर पडतो.