तांत्रिक सेवा व्यवसायातील ग्राहकप्राप्ती (पिंपरी-चिंचवड व चाकण)

पिंपरी-चिंचवड आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील तांत्रिक सेवा व्यवसायाची ग्राहकप्राप्ती म्हणजे यंत्रांची देखभाल, मोजमाप उपकरणांचे कॅलिब्रेशन, स्वयंचलन, सीएनसी प्रोग्रॅमिंग अशा सेवा कारखान्यांना पुरवणाऱ्या नव्या कंपनीने ग्राहक मिळवण्याची आणि टिकवण्याची प्रक्रिया होय. या व्यवसायात जाहिरातीपेक्षा पुरवठा साखळीतील ओळख, कागदोपत्री पात्रता आणि पहिल्या कामाचा अनुभव यांना अधिक महत्त्व असते. काम मिळाले, तरी त्याचे पैसे वेळेवर न आल्यास नवी कंपनी अडचणीत येऊ शकते. त्यामुळे ग्राहकाची निवड आणि देयकाची वसुली हेही या प्रक्रियेचेच भाग ठरतात.

पार्श्वभूमी

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग स्थापन झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) पिंपरी-चिंचवड व भोसरी परिसरात औद्योगिक क्षेत्र विकसित केले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज ऑटो यांच्या कारखान्यांमुळे सुटे भाग बनवणारे लघुउद्योग येथे मोठ्या संख्येने उभे राहिले. पुढे पुणे-नाशिक महामार्गावरील चाकण (ता. खेड) परिसरात बजाज ऑटो, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन व महिंद्रा यांचे कारखाने आले.

ग्राहकांची उतरंड

या पट्ट्यातील वाहन उद्योगाची रचना उतरंडीसारखी आहे. वाहन कंपनीला तयार जोडणी पुरवणारे कारखाने 'टियर-१' म्हणून, तर त्यांना सुटे भाग देणारे 'टियर-२' म्हणून ओळखले जातात. त्याखाली जॉब वर्क करणारी छोटी वर्कशॉप असतात.

प्रत्येक पातळीवर निर्णय घेणारी व्यक्ती वेगळी असते. छोट्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतःच गरज ओळखतो, दर ठरवतो आणि पैसे देतो. मोठ्या कारखान्यात मागणी देखभाल किंवा गुणवत्ता विभागाकडून येते, दराची बोलणी खरेदी विभाग करतो आणि देयक लेखा विभागाकडून निघते. तेथे 'व्हेंडर कोड' मिळाल्याशिवाय सहसा पर्चेस ऑर्डर निघत नाही. त्यामुळे नव्या कंपनीला वाहन कंपनीपेक्षा तिच्या पुरवठादारांकडे प्रवेश मिळणे तुलनेने सोपे असते. तेथील कामाचा दाखला पुढे वरच्या पातळीवर उपयोगी पडतो.

पहिले काम

पहिला ग्राहक अनेकदा संस्थापकाच्या पूर्वीच्या नोकरीतील ओळखीतून मिळतो. मात्र पूर्वीच्या मालकाची ड्रॉइंग, प्रोग्रॅम किंवा दरपत्रके वापरल्यास करारभंगाचा दावा होऊ शकतो. ओळखीपलीकडील संपर्कासाठी मराठा चेंबर ऑफ कॉमर्स (स्थापना १९३४), स्थानिक लघुउद्योग संघटना आणि चिंचवड येथील ऑटो क्लस्टरमध्ये भरणारी औद्योगिक प्रदर्शने यांचा उपयोग होतो.

'सर्व प्रकारची कामे केली जातील' अशा प्रस्तावापेक्षा एखादी ठरावीक अडचण सोडवणारा प्रस्ताव खरेदीदाराला पारखता येतो. उत्पादन सुरू असताना यंत्र हाती मिळत नसल्याने देखभालीची कामे साप्ताहिक सुटीच्या दिवशी करावी लागतात. या भागातील अनेक कारखान्यांची ही सुटी गुरुवारी असते. दिवाळीतील शटडाउनसाठी प्रस्ताव काही आठवडे आधी द्यावा लागतो. काम संपल्यावर आधीची व नंतरची मोजमापे असलेला अहवाल ग्राहकाच्या सहीने ठेवणे महत्त्वाचे असते. तो पुढील ग्राहकासाठी पुरावा ठरतो आणि देयकाच्या वादातही कामी येतो.

पात्रता आणि नोंदणी

* उद्यम नोंदणी: ही १ जुलै २०२० पासून सुरू झाली. विलंबित देयकाबाबत कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी ती काम घेण्यापूर्वीच करणे हिताचे असते.
* वस्तू व सेवा कर: केवळ सेवा देणाऱ्यास राज्यांतर्गत व्यवसायात सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीवर नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या पुरवठादाराच्या बिलावर ग्राहकाला कराची वजावट मिळत नाही. म्हणून कारखाने नोंदणीकृत पुरवठादार पसंत करतात.
* मान्यता: वाहन उद्योगातील आयएटीएफ १६९४९ हे मानक पाळणारे कारखाने बाहेरून कॅलिब्रेशन करून घेताना सामान्यतः आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची अट घालतात. भारतात ही मान्यता एनएबीएल देते.
* कामगारविषयक कागदपत्रे: आवारात माणसे पाठवायची असल्यास भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा योजनेची चलने मागितली जातात.

देयकाची वसुली

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास सेवा स्वीकारली असे मानले जाते. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते.

प्राप्तिकर कायद्यानुसार या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. ही तरतूद करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. ट्रेड्स या इलेक्ट्रॉनिक मंचावर खरेदीदाराने मान्य केलेले बिल वटवून मुदतीपूर्वी रक्कम घेता येते.

प्रत्यक्षात पुढील काम जाईल या भीतीने अनेक छोटे पुरवठादार तक्रार टाळतात. ही भीती एकाच ग्राहकावर अवलंबून असलेल्या कंपनीत सर्वाधिक असते. बहुतेक उत्पन्न एका कारखान्याकडून येत असेल, तर दर व मुदत तोच ठरवतो आणि त्याचे उत्पादन घटले की सेवा कंपनीचे कामही थांबते. म्हणून वार्षिक देखभाल करारांतून नियमित उत्पन्न मिळवणे आणि वाहन उद्योगाबाहेरील कारखान्यांतही ग्राहक शोधणे, हे पहिले काम मिळवण्याइतकेच आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
* पिंपरी-चिंचवड
* चाकण